यातून मला काही मिळत नाही

नोव्हेंबरात पेट्या बंद होतात,
माशा राणीभोवती गोळा होऊन थरथरत राहतात,
आणि आम्ही, तोर्व्याचे एकवीस मधपाळ,
जुन्या शाळेतल्या स्टोव्हभोवती.
इतिवृत्त माझ्याकडे. अक्षर बरं आहे म्हणून.

विषय एक : हिल्लर कूसिक.
तीन वर्षं तो सांगत आला,
धूरयंत्र घ्यायचं तर वाल्गाच्याच दुकानातून घ्या
आणि काउंटरवर माझं नाव सांगा.
आम्हाला वाटायचं, ओळखीनं दोन युरो सुटतील.
सुटायचेही.
पण शंभरामागे सहा त्याच्या खिशात पडत होते,
हे कळलं ते दुकानातल्या नव्या पोरीनं
त्याचं पाकीट चुकून
माइमूच्या पिशवीत टाकलं तेव्हा.

माइमूनं पाकीट टेबलावर ठेवलं.
"धूरयंत्र चांगलंय," ती म्हणाली,
"तक्रार धूरयंत्राची नाही."
मग तक्रार कशाची आहे ते तिला
बराच वेळ सांगता येईना.

एन्देल म्हणाला, दलाली ती दलाली, नाव कापा.
ताव्हो उसळला :
या माणसानं सात धूरयंत्रं पेटवून पाहिली, भुवया जाळून घेतल्या,
पेट्रोल कुणाच्या बापानं भरलं?
सल्ला फुकट हवा,
आणि सल्ला देणाऱ्यानं काय वारा खाऊन जगायचं?
कुणी म्हणालं, सहा चालतील, दहा नकोत.
कुणी म्हणालं, नव्या सभासदानं वर्षभर
कुठल्याही दुकानाचं नाव तोंडातून काढू नये.
माझा जावई चौकटी बनवतो, त्याचं काय, असं एकानं विचारलं.
जावई इतिवृत्तात घ्यायचा का, मी विचारलं.
उत्तर आलं नाही. घेतला.

वाइके, वय अठ्ठ्याऐंशी, काठीवर हनुवटी टेकून :
"माशी नाचून फुलाचा पत्ता सांगते,
ती कुठे कमिशन मागते?"
"मागते," ताव्हो म्हणाला,
"हिवाळ्यात तीही त्याच पेटीतलं खाते."
वाइकेला हे आवडलं असावं. ती हसली,
आणि मग झोपली.

हिल्लर शेवटी उठला. टोपी हातात.
"मी एकदाही खोटं बोललो नाही."
"अर्धं बोललास."
"पूर्ण बोललो असतो तर ऐकलं असतंत?"

इथे इतिवृत्तात मी लिहिलंय :
स्टोव्हमध्ये लाकूड घातलं.

ठराव. बाजूनं अकरा, विरुद्ध आठ,
हिल्लर तटस्थ, वाइके झोपलेली :
सुचवणाऱ्यानं, यातून आपल्याला काय मिळतं
ते आधी सांगावं. मग सुचवावं.

पाकिटात एकतीस युरो निघाले.
त्याचा केक आणला. एन्देलनं दोनदा घेतला.

ठरावाला कुणी एवढं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.
डिसेंबर अर्धा झाला तोवर
बेकरीतली लेहटे राय पाव पुढे सरकवत म्हणू लागली,
"ताजा आहे. मला मिळतं हां यातून."
पोस्टात एन्देल मागून ओरडला,
"पुलावर काच झालीये बर्फाची, जपून!
यातून मला काही मिळत नाही!"
आधी हसायचो सगळे,
मग नुसती सवय झाली,
जसं दारात बूट झटकणं.
माइमू मात्र कुणाला काही सुचवेनाशी झाली.
विचारलं तर म्हणे, मला काय कळतंय.

जानेवारीत एका सकाळी
माझ्या पायरीवरचा बर्फ कुणी ओढतंय.
हिल्लर. भुवया अजून नीट आलेल्या नाहीत.
फावडं भिंतीला लावून म्हणाला,
"वाटाण्याचं सूप करतोय उद्या. धुरवलेलं मांस घालून.
ये."

तो निघाला. फाटकाशी थांबला.
ठराव आठवला असणार, माझंच अक्षर.

"यातून मला मिळतं," तो म्हणाला.

"किती?" मी विचारलं.

तो पुलाकडे बघत राहिला.
काच होतीच तिथे.